सत्तरातला 'स' गेला कुठे?

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. उजळणी म्हणताना पन्नासपर्यंत ठीक चालते आणि तिथे अडते. 'पन्नास, मग एक्कावन्न का? एकपन्नास का नाही?' सत्तरनंतर पुन्हा तेच. सत्तरातला 'स' एकाहत्तरात कुठे जातो? मी म्हटलं, 'असंच असतं, पाठ कर.' तिला ते पटलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : पटू नयेच. तुमच्या मुलीने चाळीसबद्दल तक्रार केलेली नाही, हे पाहिलंत का? एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चाळीस सगळीकडे शाबूत. नेमकी पन्नाशी आणि सत्तरी तिला खटकली, आणि दोन्हीकडे घडलंय एकच.

शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन सहसा तग धरतं. तेच व्यंजन दोन स्वरांच्या मध्ये सापडलं की झिजायला लागतं. 'पन्नास' एकटा असतो तेव्हा त्याचा 'प' पहिल्या जागेवर आहे. त्याच्या आधी 'एक्का' येऊन चिकटला की तो 'आ' आणि 'अ' यांच्या कचाट्यात सापडतो. 'प' म्हणायला ओठ पूर्ण मिटावे लागतात आणि गळ्यातला नाद क्षणभर थांबवावा लागतो. पण अलीकडे स्वर, पलीकडे स्वर. नाद चालूच राहतो, ओठ अर्धवटच मिटतात. मग 'प'चा 'व' होतो. हे फक्त आकड्यांत झालं असं नाही. संस्कृतातला दीप आपल्याकडे दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं, तापाचा ताव झाला. एकपञ्चाशत् हा शब्द प्राकृतात एक्कावण्ण झाला तो याच वाटेने.

'स'चंही तसंच. 'स' म्हणजे जिभेचं टोक दातांच्या मागे नेऊन सोडलेला फूत्कार. दोन स्वरांमध्ये जीभ तिथवर पोचायचा कंटाळा करते. श्वास तेवढा बाहेर पडतो, आणि नुसत्या श्वासाला आपण 'ह' म्हणतो. दश या संस्कृत शब्दाचे आपण दहा केले ते असे, आणि एका-सत्तरचे एकाहत्तर केले तेही असेच.

आता एक गंमत. कर्जाचा हप्ता भरताना आपण जो 'ह' उच्चारतो, तोही मुळात सातातला 'स' आहे. संस्कृत सप्त, अवेस्तातला हप्त, फारसीतला हफ़्त. सात दिवसांचा तो हफ़्ता फारसीतून मराठीत आला आणि सावकाराच्या वहीत जाऊन बसला. इराणकडच्या भाषांनी 'स'चा 'ह' केला तो आपल्या एकाहत्तरच्या कितीतरी शतकं आधी. दोन बदलांचा एकमेकांशी संबंध नाही; तोंडाची रचना सगळीकडे सारखी, एवढाच दुवा. ग्रीक भाषेनेही सातचा 'स' असाच 'ह' करून टाकला, आणि क्युबातला स्पॅनिश बोलणारा माणूस आजही शब्दाच्या शेवटच्या 'स'चा तसाच 'ह' करतो.

तुमची मुलगी हुशार आहे, ती पुढे विचारणारच : मग बासष्ट, त्रेसष्ट यांतला 'स' का टिकला? वीस आणि तीस यांचे वीह, तीह का नाही झाले? कारण हा बदल आपल्याकडे अर्ध्यावर थांबला. प्राकृतात 'दस' आणि 'दह' दोन्ही चालत. काही शब्दांत 'ह' रुजला, काहींत नाही. पुरा झालेला बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. 'हात' म्हणताना हस्त आठवून कुणी हळहळत नाही, कारण त्या घरातले सगळेच शब्द त्याच वाटेने गेले. डोळ्यांत खुपतो तो अर्धवट बदल, आणि त्यालाच आपण अनियमित म्हणतो.

'बा'चंही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र वाचेल. दोन म्हणायचं आणि मग बारा, बावीस, बत्तीस, बावन्न, बाहत्तर! 'द्व' या जोडाक्षरात 'द' आणि 'व' यांची ओढाताण आहे. कुठे 'द' जिंकला, कुठे 'व' जिंकून 'ब' झाला. आपल्याकडे द्वारचं दार झालं, गुजरातीत बारणं झालं. लॅटिनमध्येसुद्धा 'दोन'साठी 'दुओ' आणि 'दोनदा'साठी 'बिस'.

शिवाय आकडे नेहमी ओळीने म्हटले जातात, त्यामुळे शेजाऱ्याचा वाण शेजाऱ्याला लागतो. पंच्याहत्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर यांतला 'या' पाहा. पंच, सप्त, अष्ट यांत कुठेही 'य' नाही. तालात म्हणताना एकाचा 'या' दुसऱ्याला चिकटत गेला.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता, तो तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलं गोंधळतात. तो क्रम संस्कृतपासूनचा आहे : एक-सप्तति, म्हणजे एकक आधी, दशक नंतर. लिहिताना मात्र सात आधी, एक नंतर. शेजारच्या कानडीत 'एप्पत्तोंदु' म्हणजे सरळ सत्तर-एक. मुलांची अडचण खरी आहे, हे मी मान्य करतो. पण एकाहत्तर हा शब्द कानाला इतका पाठ आहे की पुस्तकाने बदलला तरी बाजारात बदलणार नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

प्रश्न : संस्कृतात शर्करा, मराठीत साखर, म्हणजे 'श'चा 'स' झाला. संस्कृतात सिंदूर, मराठीत शेंदूर. म्हणजे 'स'चा 'श' झाला. मराठीला नक्की करायचं तरी काय होतं? (संस्कृतची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : मराठीला यातलं काहीच करायचं नव्हतं. ध्वनी बदलतात तेव्हा बोलणाऱ्याला पत्ताही नसतो.

शर्करा आणि सिंदूर यांच्यामधली पायरी विसरली की अदलाबदल वाटते. महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स हे तिन्ही एकाच 'स'मध्ये विरघळले. सासू, साखर, सुका या शब्दांतला मूळ 'श' तिथेच संपला (श्वश्रू, शर्करा, शुष्क). पुढे मराठी घडताना नवा नियम आला : 'स'च्या पुढे 'इ' किंवा 'ए' असेल तर जीभ टाळूकडे उचलली जाते आणि 'श' होतो. म्हणून सिंदूरचा शेंदूर, 'सीव्' धातूवरून शिवणे. शिकणे या शब्दाचा 'श' संस्कृतातल्या 'शिक्ष्'मधला वाटतो, पण तो जुना 'श' नव्हेच. मधे एकदा 'स' होऊन गेला आहे. हा नव्याने आलेला.

हा नियम अजून जिवंत आहे आणि तुम्ही रोज पाळता. घसा दुखतो, पण खवखवतं घशात. ससा पळतो, पण कान सशाचे. पैसा, पैशाला. घोडा-घोड्याला याप्रमाणे घस्यात, सस्याचे, पैस्याला असं व्हायला हवं होतं. त्यातल्या 'य'ने 'स'ला टाळूकडे ओढलं.

याच टाळूच्या ओढीने मराठीला दोन 'च' दिले. 'चिंच' सावकाश म्हणून पाहा. पहिला 'च' टाळूवर, दुसरा दातांवर. लिपीत अक्षर एकच, तोंडात दोन. 'इ' आणि 'ए' यांच्या संगतीतला 'च' टाळूवर राहिला. चाक, चूक, चोर यांतला दातांकडे सरकला. 'माझा' आणि 'माझी' यांतले 'झ'सुद्धा वेगळे आहेत. मग 'चार'मधला 'च' टाळूवर का, पुढे तर 'आ' आहे? जुन्या मोडी कागदांत तो शब्द 'च्यार' असा लिहिलेला सापडतो. 'य' गळून गेला, पण जाताना 'च'ला आपल्या जागी रोखून गेला. चंद्र, जन्म, जल हे टाळूवरचे राहिले, कारण ते नियमाची वेळ टळून गेल्यावर संस्कृतातून पुन्हा आणलेले शब्द आहेत. जल टाळूवर, जाळं दातांवर.

'न' आणि 'ण' यांचा खेळ मला सगळ्यात आवडतो. संस्कृत कर्णात 'ण' आहे, आपल्या कानात 'न'. संस्कृत पानीयात 'न' आहे, आपल्या पाण्यात 'ण'. पुन्हा अदलाबदल! खरं म्हणजे प्राकृतात एकेरी 'न'चा 'ण' झाला. जन म्हणजे जण, पानीय म्हणजे पाणी. जोडाक्षरं मात्र आधी दुहेरी झाली (कर्ण, कण्ण) आणि मराठीत येताना त्या दुहेरीचा एकेरी 'न' उरला : कान, पान, सोने, चुना, जुना. 'ल'चं तसंच. एकेरी 'ल'चा 'ळ' झाला, दुहेरी 'ल्ल'चा 'ल'. गल म्हणजे गळा आणि गल्ल म्हणजे गाल. काळ आणि काल (कल्य, मग कल्ल) यांतला फरकही तोच.

दुहेरी व्यंजन एकेरी करताना आपण आधीचा स्वर लांबवला, म्हणून हत्थ, सत्त, दुद्ध यांचे हात, सात, दूध झाले. ती जुनी दुहेरी ऐकायची असेल तर पंजाबी माणसाशी दोन शब्द बोला. हत्थ, सत्त, अट्ठ, दुद्ध, कम्म ही रूपं त्याच्या तोंडी आजही खणखणीत आहेत.

आणि हो, 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, त्याबद्दल. तो 'न' बोलीने 'ण' सोडून दिल्यावर नव्याने आलेला आहे, जुना पानीयातला नव्हे. पण शुद्ध म्हणजे संस्कृतच्या जवळचं असा हट्ट असेल, तर हसणाऱ्यांनी आधी स्वतःचं पाणी तपासावं.

मधल्या व्यंजनांची झीज महाराष्ट्रीत इतकी पुढे गेली की कति, कवि आणि कपि या तिन्हींचं 'कइ' झालं. किती, कवी आणि माकड यांना एकच शब्द! मत, मद, मृग, मृत यांची 'मअ' अशी खिचडी झाली. गीतात हे गोड लागतं, हाल राजाच्या गाथा त्याच भाषेत आहेत. पण माणसांना व्यवहारही करायचा असतो. पुढे यातले बरेच शब्द संस्कृतातून उसने आणावे लागले. मराठीतला 'कवी' तोंडातोंडी चालत आलेला नाही, तो असा पुन्हा मागून आणलेला आहे.

प्रश्न : तुम्ही आधी नियम सांगता, मग अपवाद. आमच्या विषयात अपवाद निघाला की नियम मोडतो. (निवृत्त गणितशिक्षक, सोलापूर)

उत्तर : हाच आक्षेप एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घेतला गेला होता, आणि लाइपझिगच्या तरुण भाषाभ्यासकांनी १८७८ मध्ये छाती ठोकून सांगितलं की ध्वनिनियमांना अपवाद नसतातच. हे धाडस त्यांना मिळालं त्याच्या वर्षभर आधी छापलेल्या एका लेखातून. लेखक कार्ल व्हेर्नर, डेन्मार्कचा.

याकोब ग्रिमने १८२२ मध्ये दाखवून दिलं होतं की संस्कृत, लॅटिन यांतला 'त' जर्मन कुळात ठरल्याप्रमाणे बदलतो. भ्रातृ या शब्दात तो अपेक्षेप्रमाणे बदलला. पितृ आणि मातृ या शब्दांत मात्र निराळाच निघाला. आजच्या जर्मनमध्येही भावाला 'ब्रूडर', पण वडिलांना 'फाटर', आईला 'मुटर'. एकाच घरातल्या तिघांना दोन न्याय कसे? पन्नासएक वर्षं हा अपवाद म्हणून सोडून दिलेला होता.

व्हेर्नरने वेदातले आघात पाहिले. वैदिक 'भ्राता'मध्ये उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर आहे. 'पिता' आणि 'माता' यांत दुसऱ्या अक्षरावर. 'त'च्या लगेच आधी आघात असेल तर एक बदल, नसेल तर दुसरा. बाकीचे हट्टी शब्दही या कसोटीला उतरले. गंमत अशी की जर्मन कुळाने तो जुना आघात केव्हाच टाकून दिलेला होता, सगळे आघात पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवले होते. कारण नाहीसं झालं, परिणाम तेवढा उरला. आणि ते कारण सापडलं आपल्या घनपाठी ब्राह्मणांनी हजारो वर्षं मान हलवत, हात हलवत सांभाळलेल्या स्वरांत. 'चार'मधून निघून गेलेला 'य' याच जातीचा.

सगळेच अपवाद असे सुटतात असं मात्र नाही. नियमानुसार पैसाचं अनेकवचन 'पैशे' व्हायला हवं, आणि कितीतरी बोलींत ते होतंही. प्रमाण मराठीत 'पैसे' राहिलं, कारण 'पैसा' रोज डोळ्यांसमोर असतो आणि तो आपल्या अनेकवचनाला हात सोडू देत नाही. ध्वनी अर्थाकडे न बघता बदलतात. माणसं अर्थाकडे बघून त्यातलं काही परत जागेवर आणून ठेवतात. या दोन ओढींपैकी कुठली कुठे जिंकेल हे आधी सांगता येत नाही. गणिताशी साम्य तिथे संपतं, हे तुमच्याजवळ कबूल.

झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीचा असा तपशीलवार हिशेब मांडला, त्याला शंभर वर्षं उलटली. वा. गो. परांजपे यांनी त्याचं मराठी भाषांतर केलं, 'मराठी भाषेचा विकास'. ग्रंथालयात मिळालं तर चाळा. कोष्टकांची आवड असलेल्या माणसाला ते कादंबरीसारखं वाटेल.

प्रश्न : माझी सून कोल्हापूरची. ती 'मी जातो', 'मी आलो' म्हणते. आमच्याकडे बाई 'मी जाते', 'मी आले' म्हणते. नातू गोंधळतो. पण मला वेगळंच कोडं पडलं. संस्कृतात 'गच्छामि' पुरुषालाही आणि स्त्रीलाही. मग क्रियापदाला लिंग आलं कुठून? (एक आजी, पुणे)

उत्तर : आजी, तुमच्या कोड्याचं उत्तर असं की 'जातो' हे मुळात क्रियापद नाही. ते विशेषण आहे.

गच्छामि, गच्छति अशी अस्सल क्रियापदं प्राकृतापर्यंत टिकली आणि त्यांची लेकरं मराठीतही आली : करी, जाई, बसे, म्हणे. ज्ञानेश्वरांच्या काळी 'करी' म्हणजे 'करतो'. तुकोबांच्या मुद्रेतला 'म्हणे' म्हणजे 'म्हणतो', साधा वर्तमानकाळ. पण शेवटचे स्वर झिजून ही रूपं फार तोकडी झाली. मग लोकांनी दुसरी सोय केली. 'जात असलेला' अशा अर्थाचं धातुसाधित विशेषण घेतलं आणि त्यालाच वर्तमानकाळाच्या कामाला लावलं. विशेषण म्हटलं की लिंग आलंच : चांगला, चांगली, जातो, जाते. भूतकाळातही तेच. 'गेला' म्हणजे संस्कृतातला गत. 'त' झिजून 'गअ' उरला. हिंदीने त्याचा 'गया' केला. मराठीने, आणि तिकडे पूर्वेला बंगाली-ओडियानेही, त्याला प्राकृतातला '-इल्ल' जोडून 'ल' घडवला. तेही विशेषणच, म्हणून गेला-गेली-गेलं.

म्हणजे कोल्हापूरच्या बायका ज्या भेदाला फाटा देतात, तो पहिल्या पुरुषात तसा गरजेचा नव्हताच. 'मी' म्हणणारी समोर उभी असते. ती बाई आहे हे क्रियापदाने सांगायची गरज काय? शेजारच्या कानडीतही 'मी जातो' आणि 'मी जाते' यांना एकच रूप आहे. सुनेला बोलू द्या. नातू दोन्ही शिकेल, मुलं शिकतात.

जुनी क्रियापदं मेली नाहीत, ती कोपऱ्यात जाऊन बसली. गोष्टीतला राजा रोज देवळात जाई, तेव्हा तोच जुना वर्तमानकाळ आता रोजच्या सवयीचा भूतकाळ सांगतो. 'ना' जोडल्यावर तो वर्तमानातही भेटतो : येईना, जाईना, बसेना. नाचता येईना अंगण वाकडं, यातही तोच. 'शेजारच्यांनी गाडी घेतली म्हणे' यातला 'म्हणे' तर कर्ताच गमावून बसलाय. कोण म्हणे याची कुणालाच फिकीर नाही, नुसती ऐकीव बातमी.

त्याहून नवल 'म्हणजे' आणि 'पाहिजे' यांचं. संस्कृतातलं कर्मणी रूप भण्यते, प्राकृतात भणिज्जइ, जुन्या मराठीत म्हणिजे. अर्थ 'म्हटलं जातं'. तशीच कीजे, दीजे, बोलिजे अशी रूपं होती. ती सगळी गेली. दोनच उरली आणि त्या दोहोंशिवाय आपलं पान हलत नाही. दर तिसऱ्या वाक्यात 'म्हणजे' म्हणणाऱ्या माणसाला आपण कर्मणी प्रयोग करतो आहोत याची गंधवार्ताही नसते. 'पाहिजे' म्हणजे 'पाहिलं जातं'. त्याचा 'हवं' कधी झाला, कुणाला कळलंही नाही.

आता भूतकाळात कर्त्याला लागणारा 'ने'. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कानडी आणि तमिळ लेखांसोबत मराठी ओळी कोरल्या आहेत. पहिली आहे, 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. दुसरीत गंगराजाने सभोवतालचं आवार करवल्याचं आहे. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, त्यामुळे या ओळी बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानतात. पहिल्या ओळीच्या दोन शब्दांत आजचं व्याकरण जवळजवळ सगळं आलंय. चावुण्डराज तृतीयेत, क्रियापद नपुंसकलिंगी, त्याच्याशी न जुळणारं. 'चावुण्डराजाकडून करवलेलं' अशी ही रचना. 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यात क्रियापद रामाकडे ढुंकूनही बघत नाही, त्याचं मूळ इथे. मात्र पाहा, त्या लेखात 'ने' नाही, नुसता 'एं' आहे. 'रामेण'मधल्या 'एण'चा झिजून 'एं' झाला, तोही पुढे ऐकू येईनासा झाला, तेव्हा 'ने' हा नवा प्रत्यय पुढे आला. 'एण' उलटा करून 'ने' झाला असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर विसरा.

'मी' आणि 'तू' यांना हा 'ने' लागत नाही, हेही तुम्ही विचारणारच. त्यांची तृतीया वेगळी होती : म्यां, त्वां. प्रमाण भाषेत ती 'मी', 'तू' यांच्यात मिसळून गेली. खेड्यात 'म्या काय केलं?' असं कुणी विचारतं तेव्हा ते अशुद्ध नसतं. 'मी काय केलं?' यापेक्षा जुनं असतं. आणि 'तू आंबा खाल्लास' यात तर मराठीने दोन्ही दगडांवर हात ठेवलेत. 'खाल्ला' आंब्याशी जुळतो, मागचा 'स' तुझ्याशी. पोळी असेल तर खाल्लीस, आंबे असतील तर खाल्लेस. क्रियापद कर्त्याकडे बघत नाही हे कुठेतरी खटकलं असणार, म्हणून हा 'स' मागाहून चिकटला. एक क्रियापद दोघांना सलाम करतं. असं फार भाषांत सापडत नाही.

प्रश्न : हल्ली सगळे 'मी करेन'ऐवजी 'मी करेल' म्हणतात. नातवाला किती वेळा सांगितलं. हाही 'बदल'च म्हणायचा का? (आजोबा, ठाणे)

उत्तर : बदलच आहे, आणि जोरात आहे. 'तो करेल'चा 'ल' 'मी'कडे सरकतोय. पण तुम्ही स्वतः 'तो करेल' म्हणता ना? तुमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं 'करील' लिहीत. सकर्मक धातूला बहुधा 'ई', अकर्मकाला 'ए', असा तेव्हा भेद होता : मारील, पण बसेल, करीन, पण पडेन. तो अख्खा भेद गेल्या काही पिढ्यांत बोलण्यातून गेला आणि कुणी वर्तमानपत्राला पत्र लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जाईल, देईल, खाईल यांत 'ई' टिकला, कारण तिथे धातूच स्वरान्त आहे.

'मी करेल'ने एक अडचण नक्की होते. कर्ता गाळून नुसतं 'करेल' म्हटलं तर कोण करेल ते कळत नाही. 'करेन' म्हटलं की एका 'न'ने मी पुढे होतो. म्हणून मी स्वतः 'करेन'च म्हणतो. नातवाला परीक्षेपुरतं तरी 'न' लिहायला सांगा. गुण अजून त्यालाच मिळतात. बाकी घरात तो काय बोलतो ते मात्र तुमच्या हातात नाही, आणि माझ्याही.